परिचालन प्रणालीतील शक्तिव्यवस्थापन

संगणकीय साधनातील प्रक्रियक, स्मृती व इतर उपकरणे यांना पुरविली जाणारी विद्युत् शक्ती कामाच्या गरजेनुसार कमीजास्त करणे किंवा गरज नसेल तेव्हा ती पूर्णपणे तोडणे, हे काम करणाऱ्या परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील आज्ञावलींच्या समूहास शक्तिव्यवस्थापन विभाग म्हणतात. परिचालन प्रणाली म्हणजे संगणकाची सर्व साधनसामग्री ताब्यात ठेवून ती निरनिराळ्या आज्ञावलींना वाटून देणारी मूलभूत आज्ञावली होय. तिचा प्रक्रियक व उपकरणे यांच्याशी प्रत्यक्ष संबंध येणारा भाग म्हणजे गाभा किंवा कर्नल. एखाद्या यंत्राचा घटक म्हणून त्यातच बसविलेल्या व ठराविक कामासाठी योजिलेल्या संगणकाला अंतःस्थापित संगणक म्हणतात. पाण्याचा व विजेचा मापक, मनगटी नाडीमापक, शेतातील ओलावा नोंदणारे साधन, मोबाइल दूरध्वनी इत्यादींमध्ये असे संगणक असतात. यांपैकी पुष्कळ साधने विद्युत् घटमालेवर चालत असल्याने त्यांची उपयुक्तता घटमाला किती काळ पुरते यावर अवलंबून असते.

हे काम गाभ्याकडे सोपविण्याचे कारण असे की, कोणती आज्ञावली कशाची वाट पाहत आहे, कोणते उपकरण वापरात आहे आणि पुढचे ठरलेले काम केव्हा करावयाचे आहे, ही सर्व माहिती एकत्रितपणे फक्त त्याच्याकडेच असते. मात्र ही माहिती वर्तमानाची असते. झोपावे की नाही हा निर्णय भविष्याविषयीचा असतो. म्हणून शक्तिव्यवस्थापनाचा मोठा भाग अंदाज बांधण्याचा व तो चुकला तरी काम बिघडू न देण्याचा आहे.

तत्त्व : प्रक्रियकातील संकलित मंडलांत होणारा शक्तिव्यय दोन प्रकारचा असतो. ट्रँझिस्टरांची अवस्था बदलताना होणाऱ्या व्ययास गतिक व्यय म्हणतात. तो मंडलाची विद्युत् धारिता, विद्युत् दाबाचा वर्ग आणि कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या स्पंदांची संख्या) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. दुसरा स्थितिक व्यय होय. ट्रँझिस्टर काही काम करीत नसतानाही त्यातून थोडा प्रवाह गळत राहतो. ट्रँझिस्टरांचा आकार जसजसा लहान होत गेला, तसतसे या गळतीचे महत्त्व वाढले. स्पंद थांबविल्यास गतिक व्यय थांबतो; गळती थांबविण्यासाठी मात्र त्या भागाचा विद्युत् पुरवठाच तोडावा लागतो.

झोपेचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सु. २२० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या, नाण्याच्या आकाराच्या लिथियम घटावर एक साधन चालते व जागे असताना त्यास ५ मिलिअँपिअर प्रवाह लागतो, असे समजू. ते सतत जागे राहिले, तर घट सु. ४४ तासांत संपेल. तेच साधन दर १० सेकंदांतून फक्त १० मिलिसेकंद जागे राहिले आणि झोपेत त्यास २ मायक्रोअँपिअर प्रवाह लागला, तर सरासरी प्रवाह सु. ७ मायक्रोअँपिअर होतो आणि घट गणिताने सु. साडेतीन वर्षे पुरतो. घटातील स्वविसर्जनामुळे प्रत्यक्ष काळ यापेक्षा कमी येतो. पण फरक तासांचा नसून वर्षांचा आहे, हे यावरून दिसून येते.

ऐतिहासिक आढावा : घटमालेवर चालणारे सुवाह्य संगणक प्रचारात आल्यावर इंटेल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९२ साली शक्तिव्यवस्थापनाचा एक संकेत ठरविला. त्यात बहुतेक निर्णय संगणकाच्या मूळ प्रारंभक आज्ञावलीकडे असत व परिचालन प्रणालीची भूमिका दुय्यम असे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या संकेताने निर्णयाचा अधिकार परिचालन प्रणालीकडे दिला. अंतःस्थापित साधनांमध्ये मात्र सामान्यतः हा संकेत पाळणारी प्रारंभक आज्ञावली नसते. त्यामुळे तेथे सर्व भार गाभ्यावर आला. या साधनांत ज्यांचा वापर फार मोठ्या प्रमाणावर झाला, त्या एआरएम प्रक्रियकांचा पहिला नमुना इंग्लंडमधील एकॉर्न या कंपनीने १९८५ साली तयार केला होता व अल्प शक्तिव्यय हे त्याचे ठळक वैशिष्ट्य होते.

फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला लिनक्स हा गाभा मुळात मेजावरील संगणकांसाठी होता. त्याची आज्ञावली सर्वांना खुली असल्याने एआरएम प्रक्रियकांवर व पुढे मोबाइल दूरध्वनींवर त्याचा प्रसार झाला. शक्तिव्यवस्थापनाच्या विकासाचा तपशील त्यात उघडपणे नोंदला गेला असल्याने पुढील विवेचनात प्रामुख्याने त्याचाच आधार घेतला आहे.

कंप्रता व दाब यांचे नियंत्रण : प्रक्रियकाची कंप्रता कमी केली की, तो कमी दाबावरही बिनचूक चालतो. कंप्रता निम्मी व दाब १·२ व्होल्टवरून ०·९ व्होल्ट केला, तर गतिक व्यय मूळच्या सु. २८ टक्के होतो. काम पुरे होण्यास दुप्पट वेळ लागला, तरी त्या कामासाठी लागणारी एकूण गतिक ऊर्जा सु. ५६ टक्केच असते. दाब तोच ठेवून केवळ कंप्रता निम्मी केली, तर मात्र शक्ती निम्मी व वेळ दुप्पट होऊन त्या कामाच्या गतिक ऊर्जेत काहीच बचत होत नाही. उलट गळती अधिक वेळ चालू राहते. बचत मुख्यतः दाबाच्या वर्गामुळे होते, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

प्रत्येक प्रक्रियकासाठी कंप्रता व दाब यांच्या सुरक्षित जोड्यांचे कोष्टक असते. एआरएम प्रक्रियकांच्या लिनक्समध्ये ते साधनाचे वर्णन करणाऱ्या स्वतंत्र वृक्षरूप तक्त्यात दिलेले असते. बदल करताना क्रम पाळावा लागतो : कंप्रता वाढवायची असल्यास आधी दाब वाढवितात व मग कंप्रता, कमी करायची असल्यास आधी कंप्रता उतरवितात व मग दाब. हा क्रम उलटला, तर काही क्षण प्रक्रियक अपुऱ्या दाबावर जलद चालतो व त्याची गणिते चुकू शकतात. अशी चूक लगेच लक्षात येतेच असे नाही. म्हणूनच ती अधिक घातक ठरते.

कोणती कंप्रता निवडावी हे ठरविणाऱ्या आज्ञावलीस नियंता म्हणतात. लिनक्समध्ये २००४ साली आलेला मागणीनुसारी नियंता ठराविक अवधीने प्रक्रियकाची व्यग्रता मोजी. ती मर्यादेपलीकडे गेली की कंप्रता एकदम कमाल करी व काम ओसरल्यावर खाली आणी. पुढे २०१६ साली आलेल्या नियंत्याने अशी स्वतंत्र मोजणी सोडून, प्रक्रियकाचा वेळ आज्ञावलींना वाटून देणाऱ्या नियोजकाकडची माहिती थेट वापरण्यास सुरुवात केली.

निष्क्रिय अवस्था : कोणतीही आज्ञावली चालविण्यास तयार नसेल, तेव्हा गाभा प्रक्रियकास निष्क्रिय अवस्थेत नेतो. अशा अवस्था एकाहून अधिक असतात. सर्वांत उथळ अवस्थेत फक्त स्पंद थांबतात व प्रक्रियक मायक्रोसेकंदांत जागा होतो. खोल अवस्थेत शीघ्र स्मृतीतील मजकूर मुख्य स्मृतीत उतरवून, नोंदकांतील मूल्ये जतन करून प्रक्रियकाचा पुरवठाच तोडला जातो. या उतरवण्याला व परत चढवण्याला वेळ आणि ऊर्जा दोन्ही लागतात. त्यामुळे झोप फार थोडा वेळ टिकली, तर खोल अवस्था तोट्याची ठरते.

नफा व तोटा समान होण्याचा काळ सोप्या गणिताने काढता येतो. उथळ अवस्थेत २० मिलिवॉट व खोल अवस्थेत २ मिलिवॉट शक्ती लागत असेल आणि खोल अवस्थेत जाऊन परत येण्यास ९० मायक्रोजूल जादा ऊर्जा खर्च होत असेल, तर ९० मायक्रोजूल भागिले १८ मिलिवॉट, म्हणजे ५ मिलिसेकंद, हा समतोल काळ होय. झोप याहून अधिक काळ टिकण्याची शक्यता असेल, तरच खोल अवस्था निवडणे हितावह असते. लिनक्समध्ये ही निवड करणारी सर्वसाधारण योजना २००८ च्या आरंभी समाविष्ट झाली. पुढील कालमापक केव्हा वाजणार हे नियंत्यास निश्चित माहीत असते. पण कळ दाबली जाणे, संदेश येणे अशा बाह्य घटना केव्हा घडतील हे माहीत नसते. म्हणून मागील काही झोपांच्या प्रत्यक्ष लांबीवरून तो आपला अंदाज दुरुस्त करीत राहतो. मधूनमधून अंदाज चुकला, तर थोडी ऊर्जा वाया जाते; काम मात्र बिघडत नाही.

कालस्पंदांचे निर्मूलन : जुन्या पद्धतीत गाभा ठराविक अवधीने येणाऱ्या कालस्पंदावर चाले. काम असो वा नसो, प्रत्येक स्पंदास प्रक्रियक जागा होऊन वेळ मोजी. लिनक्सच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या २·६ या मालिकेत इंटेल प्रक्रियकांसाठी स्पंदांची संख्या सेकंदास १,००० होती. म्हणजे कोणतीही झोप १ मिलिसेकंदाहून अधिक टिकणे शक्यच नव्हते. वरील उदाहरणातील समतोल काळ ५ मिलिसेकंद असल्याने अशा प्रणालीत खोल अवस्था उपलब्ध असूनही तिचा लाभ कधीच मिळाला नसता.

टोमास ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार व इतरांनी केलेल्या कामामुळे २००७ साली निष्क्रिय प्रक्रियकाचे नियमित स्पंद बंद करण्याची सोय लिनक्समध्ये आली. झोपण्यापूर्वी गाभा सर्वांत जवळचे ठरलेले काम पाहतो, तेवढ्या काळानंतर एकदाच वाजेल असा कालमापक लावतो आणि जाग आल्यावर मधल्या काळाचा हिशेब पुरा करतो. फ्रीआरटॉस, झेफिर इ. लहान साधनांसाठी असलेल्या परिचालन प्रणालींतही अशी सोय आहे.

ही सोय आल्यावर दुसरा दोष उघडकीस आला. गाभ्याने झोपायचे ठरविले, तरी आज्ञावली त्यास झोपू देत नव्हत्या. काही बदल झाला आहे का हे पाहण्यासाठी सेकंदास अनेकदा उठणाऱ्या आज्ञावली सर्वत्र आढळल्या. इंटेलमधील अभियंत्यांनी २००७ साली प्रसृत केलेल्या पॉवरटॉप या साधनाने प्रत्येक आज्ञावली प्रक्रियकास किती वेळा उठविते याची गणती दाखविण्यास सुरुवात केली व त्यामुळे कित्येक आज्ञावलींत सुधारणा झाल्या. ज्या कामांना काटेकोर वेळेची गरज नाही, ती थोडी मागेपुढे करून एकाच जागेपणी उरकण्याची पद्धतही रूढ झाली.

उपकरणांचे शक्तिव्यवस्थापन : प्रक्रियक झोपला तरी पडदा, रेडिओ, स्पर्शसंवेदक इ. उपकरणे चालूच राहिली, तर बचत थोडीच होते. रफायेल व्हिसॉत्स्की यांनी विकसित केलेली व २००९ च्या अखेरीस लिनक्समध्ये आलेली चालू-वापरातील शक्तिव्यवस्थापनाची योजना प्रत्येक उपकरणासाठी एक गणक ठेवते. उपकरणाची गरज लागली की, त्याचा चालक (उपकरणाशी संवाद साधणारी आज्ञावली) गणक एकाने वाढवितो आणि काम संपले की एकाने कमी करतो. गणक शून्यावर आला की उपकरण बंद करता येते. एका संवाहक मार्गावर अनेक उपकरणे जोडलेली असल्यास त्यांपैकी एकही जागे असेपर्यंत तो मार्ग सामान्यतः बंद होत नाही. विद्युत् दाबाचे नियामक व स्पंदांचे स्रोत हेही अनेक उपकरणांत सामाईक असतात. त्यांच्यासाठी अनुक्रमे २००८ व २०१२ साली समान चौकटी आल्या आणि तेथेही गणकाचेच तत्त्व वापरले आहे.

योजना साधी असली, तरी तिचे यश प्रत्येक चालकाच्या शिस्तीवर अवलंबून असते. गणक वाढवून तो कमी करण्यास एखादा चालक एका चुकीच्या वाटेवर विसरला, तर उपकरण कायमचे जागे राहते व त्याबरोबर त्याचा मार्ग, स्पंदस्रोत आणि दाबनियामकही जागे राहतात. साधनाचे काम नेहमीप्रमाणे चालते. फक्त घटमाला लवकर संपते. याउलट गणक अकाली कमी झाला, तर बंद उपकरणाच्या नोंदकास हात लागून सर्व प्रणाली कोलमडू शकते. दुसरी चूक चाचणीत सहसा सापडते. पहिली वर्षानुवर्षे दडून राहू शकते.

संपूर्ण प्रणालीची निद्रा : वरील पद्धतींत प्रणालीचा एकेक भाग झोपतो. संपूर्ण निद्रेत मात्र सर्व साधन एका निर्णयाने झोपविले जाते. गाभा प्रथम सर्व आज्ञावली गोठवितो. नंतर उपकरणे झोपविली जातात. त्यात ज्या मार्गावर उपकरण जोडलेले आहे, त्या मार्गाच्या आधी ते उपकरण झोपविले जाते. मग व्यत्यय-संकेत थांबविले जातात, एक सोडून बाकीचे प्रक्रियक बंद होतात आणि शेवटी मुख्य स्मृती स्वतःचा मजकूर स्वतःच ताजा ठेवण्याच्या अवस्थेत जाते. जाग आणण्यासाठी निवडलेली काही उपकरणेच, उदा., चालू करण्याची कळ, घड्याळाचा गजर, दूरध्वनीचा रेडिओ, तेवढी सजग राहतात. जागृतीच्या वेळी हाच क्रम उलट होतो.

या निद्रेतील सर्वांत अवघड प्रश्न हरवलेल्या जागृतीचा होय. साधन झोपण्याच्या तयारीत असताना, पण पूर्णपणे झोपण्यापूर्वी, दूरध्वनी आला असे समजू. रेडिओने संकेत दिला व गाभ्याने तो घेतलाही; पण आलेल्या कॉलची दखल घेणारी आज्ञावली तोपर्यंत गोठलेली आहे. आता साधन तसेच झोपले, तर संकेत येऊन गेलेला असल्याने त्यास पुन्हा जागे करणारे काही उरत नाही व कॉल निसटतो. रुग्णाच्या अंगावरील साधनात किंवा धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रात अशीच चूक झाली, तर परिणाम गंभीर होऊ शकतो. येथे चुकीच्या क्षणी घेतलेली झोप केवळ ऊर्जा वाया घालवीत नाही, तर साधनाचे मूळ कामच बुडविते.

अँड्रॉइड प्रणालीवरील पहिला दूरध्वनी २००८ साली बाजारात आला. या प्रणालीच्या अभियंत्यांनी लिनक्सच्या गाभ्यात जागृती-कुलपाची योजना घातली होती. काम नसेल तेव्हा साधनाने आपोआप झोपावे. ज्या आज्ञावलीचे वा चालकाचे महत्त्वाचे काम चालू असेल, तिने कुलूप घ्यावे आणि एकही कुलूप शिल्लक असेपर्यंत झोप रोखून धरावी, असे तिचे स्वरूप होते. ही योजना मूळ लिनक्समध्ये घेण्याविषयी २००९ व २०१० साली तीव्र वाद झाला. आक्षेप असा होता की, ज्या आज्ञावलीकडे कुलूप नाही तिचे रास्त कामही बळाने थांबविले जाते आणि जिच्याकडे आहे ती घटमाला संपवू शकते. त्याऐवजी आज्ञावलीच सुधाराव्यात व निष्क्रिय अवस्थांतून बचत साधावी. समर्थकांचे म्हणणे असे की, दूरध्वनीवर कोणीही लिहिलेली आज्ञावली चालते. त्या सर्व सुशील असतील असे गृहीत धरता येत नाही.

वादातून निघालेला तोडगा व्हिसॉत्स्की यांनी २०१० साली लिनक्समध्ये आणला. गाभा जागृती-घटनांची एकूण गणती ठेवतो. झोपेचा निर्णय घेणारी आज्ञावली ही गणती वाचते, इतर आज्ञावलींचे काम आटोपल्याची खात्री करते आणि वाचलेला आकडा गाभ्यास परत देते. दरम्यान नवी घटना घडलेली असेल, तर आकडे जुळत नाहीत व गाभा झोपण्यास नकार देतो. आकडा स्वीकारल्यानंतर घटना घडली, तर चालू असलेली झोपण्याची क्रिया रद्द होते. त्यामुळे घटना कोणत्याही क्षणी घडली, तरी ती निसटत नाही. पुढे २०१२ साली आपोआप झोपण्याची व कुलपासारखी सोयही याच पायावर मूळ लिनक्समध्ये आली.

विषम प्रक्रियक : एआरएम कंपनीने २०११ साली जाहीर केलेल्या रचनेत एकाच साधनात काही प्रक्रियक जलद व काही सावकाश पण काटकसरी असतात. त्यामुळे कोणते काम कोणाकडे द्यावे हा निर्णयही ऊर्जेचा झाला. लिनक्समध्ये २०१९ साली आलेला ऊर्जादक्ष नियोजक प्रत्येक प्रक्रियकाच्या ऊर्जाव्ययाचे कोष्टक वापरून, काम जेथे कमी ऊर्जेत होईल तेथे ते पाठवितो. प्रक्रियकांवर भार फार वाढल्यास मात्र हा विचार बाजूला ठेवून काम सर्वांत समान वाटले जाते.

सुरक्षितता व मर्यादा : दाब व कंप्रता बदलण्याचा अधिकार म्हणजे प्रक्रियकाच्या अचूकपणावरील अधिकारही होय. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली एका दूरध्वनीवर कंप्रता व दाब यांची अयोग्य सांगड घालून प्रक्रियकास हेतुपुरस्सर चुका करावयास लावल्या व त्यातून त्याच्या संरक्षित भागातील गुप्त किल्ली मिळवून दाखविली. यासाठी त्यांनी कोणतेही जादा यंत्र जोडले नव्हते. गाभ्यातील नियंत्रणाचाच वापर केला होता. त्यामुळे धोकादायक जोड्या मूळ प्रक्रियकातच अशक्य करण्याचे महत्त्व स्पष्ट झाले.

शक्तिव्यवस्थापनातील दोष शोधणे इतर दोषांपेक्षा कठीण असते. निरीक्षणासाठी साधनास तार जोडली की ते झोपत नाही. झोपले की निरीक्षणाचे मार्गच बंद होतात. म्हणून घटमालेच्या मार्गात सूक्ष्म प्रवाहमापक ठेवून काळानुसार प्रवाहाचा आलेख काढतात व त्यावरील प्रत्येक उंचवट्याचे कारण गाभ्यातील नोंदींशी पडताळून पाहतात. आज्ञावलीचे काम बरोबर आहे एवढे पाहून चाचणी पुरी होत नाही. काम संपल्यावर प्रवाह अपेक्षित पातळीवर परत आला की नाही, हेही तपासावे लागते.